उपकेंद्र कोणाचं, आरोग्य खात्याचं की ग्रामसभेचं?

रानवाट
धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाची 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा बहुतेकांनी ऐकली असेल. २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यानंतर गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा बांबू आणि तेंदूपानाचा व्यवहार स्वतः करू लागल्या. लाखोंचा हिशेब ठेवणाऱ्या या गावांना नर्सबाई कुठल्या दिवशी येणार हे मात्र ठरवता येत नाही. त्यांनी फक्त वाट बघायची.

कायदा आहे. १९९६ च्या पेसाच्या, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींसाठीच्या कायद्याच्या, कलम ४ मध्ये सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि कर्मचाऱ्यांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभा आणि पंचायतींना दिलेला आहे. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. तरी आरोग्याच्या बाबतीत आदिवासींच्या वाट्याला येते ती 'जनजागृती', म्हणजे आम्ही सांगतो, तुम्ही ऐका.

माझी मागणी अशी: पेसा क्षेत्रातली आरोग्य उपकेंद्रं ग्रामसभांच्या ताब्यात द्या. निधी, कंत्राटी नेमणुका, दवाखान्याची वेळ, गोंडी-माडिया बोलणारा माणूस, हे सगळं तिथेच ठरू दे. विचारल्याने काय होतं ते गडचिरोलीतल्या 'सर्च' संस्थेच्या शोधग्रामात दिसतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी लोकांना विचारून दवाखाना उभारला. तो झोपड्यांच्या गावासारखा झाला, नातेवाइकांना रुग्णाजवळ राहता आलं, नाव त्यांच्या माँ दंतेश्वरी देवीचं लागलं. लोक तिथे न घाबरता जातात.

बाँडवाला_डॉक्टर
बाँडचं, म्हणजे डॉक्टर झाल्यावरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचं वर्ष भामरागड भागात काढलंय, म्हणून लिहितो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद. अशा वेळी मेंदूत चढलेला मलेरिया घेऊन मूल आलं तर माझ्याकडे काही तास असतात. त्यातले बरेच तास आधी गावात उपचार करणाऱ्या पुजाऱ्याकडे गेलेले असतात. सर्पदंशाचंही तेच. माणसं आदराने वागायची, मीही त्यांच्याशी तसंच वागलो, पण मलेरियावरचं आर्टेसुनेट द्यायचं की नाही हा बहुमताचा प्रश्न नाही.

आणि शोधग्रामचा दाखला तुमच्याच विरुद्ध जातो. नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा तिथला प्रयोग जगभर गेला. गावातल्या कमी शिकलेल्या बायकांनी बाळाचा जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन दिलं आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पण तो प्रयोग ग्रामसभेच्या ठरावातून निघाला नव्हता. जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकून आलेल्या या बंग डॉक्टरांनी तो आखला, मोजला, तपासला.

रानवाट
डॉक्टरसाहेब, आखणी त्यांची हे मान्य. पण सुई बाळाला टोचली ती गावातल्या बाईने. खेड्यातल्या बायकांच्या हाती इंजेक्शन कसं द्यायचं, अशी तेव्हाची शंका होती. आज तेच काम देशभर आशाताईंच्या घरभेटींतून चालतं, इंजेक्शन वगळून. गावाला जमणार नाही हे आधीच गृहीत धरलं जातं, माझा राग त्याच्यावर आहे.

शिवाय जिल्ह्यातली दारूबंदी लोकांनी मागून, लढून १९९३ मध्ये मिळवली. आपल्या तब्येतीला काय खातंय हे त्यांना कळत होतं.

निंबोणी
दोघांचं वाचलं. दोघांच्याही बोलण्यात 'लोक' आहेत, बाई नाही.

कुर्मा घराबद्दल कोणीच का लिहीत नाही? माडिया-गोंड गावांत पाळीच्या दिवसांत बाईला गावाबाहेरच्या त्या झोपडीत राहावं लागतं. पाऊस, साप, अंधार, कुठे दारसुद्धा नाही. रीत मोडली तर दंड. उद्या ग्रामसभेने ठराव केला की कुर्मा हीच आमची परंपरा, तर रानवाट, तो स्वनिर्णय म्हणून स्वीकारायचा? काही संस्थांनी पक्की कुर्मा घरं बांधून दिली, पलंग आणि संडाससकट. राहणाऱ्या बायकांना त्याने हायसं वाटलं असेल, पण प्रथाही त्यासोबत पक्की झाली.

डॉक्टर, तुम्हीही फार खूश होऊ नका. सरकारने ठरवलं म्हणून बाईचं भलं होतं असं नाही. १९७९ मध्ये मध्य प्रदेश सरकारने बैगांसारख्या आदिवासी जमातींची संख्या घटू नये म्हणून त्यांच्या नसबंदीवर बंदी घातली. पुढे छत्तीसगढ वेगळं झालं तरी ती तिथे चालूच राहिली. पाच-सहा बाळंतपणांनी पिचलेल्या बाईने शस्त्रक्रिया मागितली तर उत्तर नाही. शेवटी बैगा बायकांना कोर्टात जावं लागलं, २०१८ मध्ये छत्तीसगढ हायकोर्टाने ते निर्बंध हटवले. जवळपास चाळीस वर्षं तिच्या गर्भाशयाचा निर्णय एका सरकारी आदेशाने घेतला.

दक्षिणवारा
न्यूझीलंडमधल्या ऑकलंडहून. इथे जुलै २०२२ मध्ये इथल्या मूळ रहिवासी माओरींसाठी 'ते आका फाय ओरा' हे स्वतंत्र आरोग्य प्राधिकरण सुरू झालं. सरकार बदललं आणि जून २०२४ अखेर ते बंदही झालं. ते चाललं की नाही हे तपासायला दोन वर्षं पुरत नाहीत. उलट कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात २०१३ पासून फर्स्ट नेशन्सचं, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं, स्वतःचं आरोग्य प्राधिकरण केंद्र सरकारच्या जागी काम करतंय. तिथे नर्सचा परवाना, औषधांचे नियम सगळं तसंच आहे, बदलला तो कारभारी. बाँडवाले डॉक्टर ज्याला घाबरताहेत ते त्यात होत नाही.

बाँडवाला_डॉक्टर
असं असेल तर आपलं भांडण निम्म्यावर येतं. निधी, नेमणुका, वेळ, भाषा ग्रामसभेकडे जाऊ दे. माझ्या केंद्रातला दुभाषा रजेवर गेला की मी निम्मा मुका व्हायचो, ते मी विसरलेलो नाही. पण ताप, सर्पदंश, बाळंतपण यांच्या उपचारांचे नियम ठरावाने बदलता येणार नाहीत, हे लेखी हवं. त्याशिवाय माझा विरोध कायम.

रानवाट
लेखी द्यायला हरकत नाही. पुजाऱ्याला मात्र बाहेर ठेवू नका. लोक आधी त्याच्याकडेच जातात, तर ताप दिसला की रुग्ण लगेच पुढे पाठवायची जबाबदारी ग्रामसभा त्याच्यावर टाकू शकते. तुमच्या खात्याचं पत्रक तो ऐकणार नाही, गावाचं ऐकेल.

निंबोणीताई, कुर्मावर माझं उत्तर: आपल्या कायद्यात ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची तरतूद आहे. हा विषय तिथेच ठरावा.

निंबोणी
ती सभा किती गावांत कागदावरच होते हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असेल. खरोखर होऊ दे. पण तिथेही बहुमत पुरेसं नाही. शंभर बायकांनी कुर्मा हवा म्हटलं आणि एकीला आपल्या घरात झोपायचं असेल, तर तिला दंड होणार नाही, ही ओळ डॉक्टरांच्या त्या लेखी कागदात आधी घाला.