फँटसी ड्राफ्टमध्ये नववा नंबर आलाय : पहिले दोन्ही रिसीव्हर घेऊ का?

बर्फातली_कोल्हापुरी (मंगळवार, २६ ऑगस्ट २०२५)

मंडळी, मदत हवी आहे. परवा गुरुवारी रात्री आठला आमच्या मिनेसोटातल्या ऑफिसच्या फँटसी लीगचा ड्राफ्ट आहे. (नवीन वाचणाऱ्यांसाठी : फँटसी म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचे खरे खेळाडू पाळीपाळीने निवडून आपली कागदावरची टीम बनवायची. ही निवड म्हणजे ड्राफ्ट. मग खऱ्या सामन्यांतल्या त्यांच्या खेळावर आपल्याला गुण.) घरी दीड दिवसाचा गणपती, विसर्जन सहाला. त्यामुळे जी काही तयारी करायची ती आजच.

लीग बारा जणांची, स्नेक ड्राफ्ट, म्हणजे दर फेरीला क्रम उलटतो. माझा नंबर नववा, म्हणजे ९, १६, ३३, ४० असे वळसे घेत माझी पाळी येणार. फुल पीपीआर : प्रत्येक कॅचला १ गुण, दहा यार्डांना १, टचडाउनला (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे, म्हणजे गोल लाइनपार नेला की) ६. टीममध्ये क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) एक, रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे) दोन, वाइड रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारे) तीन, टाइट एंड (झेलणारा आणि अडवणाराही) एक, फ्लेक्स (रनिंग बॅक, रिसीव्हर किंवा टाइट एंड, कोणीही) एक.

माझं हे दुसरं वर्ष. गेल्या वर्षी ॲपमध्ये नावं ज्या क्रमाने दिसली त्याच क्रमाने उचलत गेले. नव्वद सेकंदांचं घड्याळ उलटं पळत असतं, शेवटच्या दहा सेकंदांना आकडे लाल होतात, आणि मग जो वर दिसेल त्याच्यावर बोट. रिसीव्हर निवडताना तर फक्त आदल्या वर्षीचे टचडाउन पाहिले. बारा जणांत अकरावी आले. नोव्हेंबरात सोमवारी सकाळी ऑफिसला जायला नको वाटायचं.

मला हा खेळ मनापासून आवडतो. २०२२च्या नोव्हेंबरात आमचे मिनेसोटाचे वायकिंग्स बफेलोला खेळत होते, चौथा डाउन म्हणजे शेवटचा प्रयत्न, १८ यार्ड बाकी, आणि जस्टिन जेफरसनने मागे झेपावत एका हाताने चेंडू डिफेंडरच्या हातातून अक्षरशः ओढून घेतला. त्या दिवसापासून मी रिसीव्हरच बघते. म्हणूनच यंदा निदान रिसीव्हर तरी नीट निवडायचे आहेत.

दोन प्रश्न. पहिल्या दोन पाळ्यांत दोन्ही रिसीव्हर घेणं शहाणपणाचं आहे का? आणि आदल्या वर्षीचे टचडाउन बघायचे नाहीत, तर बघायचं काय?

नोव्हीचा_नाना

ताई, टार्गेट बघा. टार्गेट म्हणजे क्वार्टरबॅकने त्याच्या दिशेने टाकलेला चेंडू, मग तो झेलला जावो न जावो. टचडाउन कोणाच्या पदरात पडेल ते गोल लाइनजवळ कोचने काय बोलावलं त्यावर असतं. साठ यार्ड रिसीव्हरने आणायचे आणि शेवटच्या यार्डाला रनिंग बॅक आत घुसायचा, हे दर रविवारी दिसतं. पण ज्याच्यावर क्वार्टरबॅकचा भरवसा आहे त्याच्याकडे चेंडू येतच राहतो.

गेल्या हंगामातले दोघे घेऊ, वॉशिंग्टनचा टेरी मॅक्लॉरिन आणि जायंट्सचा मलिक नेबर्स. मॅक्लॉरिनचे ८२ कॅच, १०९६ यार्ड, १३ टचडाउन. नेबर्सचे १०९ कॅच, १२०४ यार्ड, ७ टचडाउन. तुमच्या नियमाने हिशेब मांडला तर मॅक्लॉरिन ८२ + १०९.६ + ७८ = २६९.६. नेबर्स १०९ + १२०.४ + ४२ = २७१.४. दोघे जवळपास बरोबरीत.

आता आत डोकावा. मॅक्लॉरिनचे ७८ गुण टचडाउनचे आहेत, आणि त्याआधीच्या पाच हंगामांत त्याचे टचडाउन एकदाही सातच्या वर गेले नव्हते. यंदा पुन्हा सातवर आला तर ३६ गुण गेलेच म्हणून समजा. वर कराराच्या वादात त्याचा सगळा उन्हाळा गेला. उलट नेबर्सकडे १७० वेळा चेंडू टाकला गेला, मॅक्लॉरिनकडे ११७ वेळा. नेबर्सचे गुण कष्टाचे आहेत, आणि तसे कष्ट यंदाही त्याच्याकडून करून घेतले जाणार, कारण जायंट्सकडे त्याच्या तोडीचा दुसरा रिसीव्हर नाही.

इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी : आपल्या लीगचे नियम आधी वाचा. हेच दोघे हाफ पीपीआरमध्ये (कॅचला अर्धाच गुण) घेतले तर मॅक्लॉरिन २२८.६ आणि नेबर्स २१६.९, म्हणजे क्रम उलटतो. दुसऱ्या लीगसाठी बनवलेली यादी आपल्या ड्राफ्टला वापरणं ही मी पाहिलेली सगळ्यात महागडी चूक आहे.

दुसरी गोष्ट, चेंडू कोण टाकतो. टायरीक हिलचे २०२३मध्ये १७९९ यार्ड होते, २०२४मध्ये ९५९. त्याचं एक मोठं कारण म्हणजे मायामीचा क्वार्टरबॅक टुआ दुसऱ्याच आठवड्यात डोक्याला मार लागून चार सामने बाहेर बसला. डॅलसच्या सीडी लॅमचे १७४९चे ११९४ झाले. तिथेही डॅक प्रेस्कॉट नोव्हेंबरात जखमी होऊन उरलेला हंगाम गेला. म्हणून रिसीव्हरच्या नावासमोर क्वार्टरबॅकचं नाव लिहाच. जेफरसनला हा नियम कमी लागू पडतो. २०२३मध्ये तो दहाच सामने खेळला तरी १०७४ यार्ड काढले. पण तुमचं ऑफिस मिनेसोटात आहे, तो नवव्यापर्यंत कशाला उरतोय! तो तिथे दुसऱ्या-तिसऱ्यालाच जाईल आणि त्यामुळे बाहेरच्या टीमचा कोणीतरी चांगला खाली घसरेल. तुमचा फायदा तिथे आहे. जमार चेसचं तर नावच काढू नका. १२७ कॅच, १७०८ यार्ड, १७ टचडाउन, तिन्हीत लीगमध्ये पहिला. तो पहिल्याच पाळीला जाणार.

तिसरी गोष्ट कागदाची. नावं एकाखाली एक लिहू नका, थर लावा. मी जेवणाच्या टेबलावर कोरा कागद घेतो, ज्यांच्यात मला खरोखर फरक वाटत नाही ती नावं एका ओळीत लिहितो आणि खाली पेन्सिलीने आडवी रेघ मारतो. मग पुढचा थर. ड्राफ्ट चालू झाला की गेलेलं नाव खोडायचं. तुमच्या ९ आणि १६च्या मध्ये सहाच जण जातात, पण १६ आणि ३३च्या मध्ये सोळा. सोळाव्या पाळीला बघायचं की रिसीव्हरच्या थरात किती उरलेत आणि रनिंग बॅकच्या थरात किती. जो थर ३३पर्यंत नक्की संपणार, त्यातला माणूस आत्ता उचलायचा. घड्याळ लाल झालं तरी हात थरथरत नाही, कारण ठरवायचं ते आधीच ठरलेलं असतं.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर : हो, घ्या दोन्ही रिसीव्हर. बारा टीमना तीन-तीन म्हणजे ३६ रिसीव्हर दर आठवड्याला मैदानात लागणार, फ्लेक्समधले वेगळे. तितके भरवशाचे रिसीव्हर नसतात.

फिलीचा_फुलबॅक

नानांशी मी सहमत नाही. रिसीव्हर ३६ लागतात हे खरं, पण एका एनएफएल टीममध्ये दोन-तीन कामाचे रिसीव्हर असतात आणि पूर्ण भार उचलणारा रनिंग बॅक असलाच तर एक. एकूण टीम ३२. गेल्या वर्षी सेक्वॉन बार्कलीने २००५ यार्ड धाव काढली, तो ज्यांच्याकडे होता त्यांना पूर्ण हंगाम मी हेव्याने बघत होतो. तो काही तुम्हाला मिळणार नाही. पण नवव्याला रिसीव्हर घेतलात तर सोळाव्याला डोळे मिटून रनिंग बॅक घ्या. चांगला रिसीव्हर नंतरही सापडतो. पूका नाकुआ २०२३च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (खऱ्या टीम नवे खेळाडू निवडतात तो) १७७वा गेला होता, फँटसीत बहुतेक लीगमध्ये कोणी त्याला हातही लावला नाही, आणि त्याने १०५ कॅच, १४८६ यार्ड काढले. यार्डांचा नवख्यांमधला विक्रम.

आठवड्याचा_उपास

ताई, एक छोटी गोष्ट. नाकुआ आणि डेट्रॉइटचा सेंट ब्राऊन दोघेही घेतलेत तर लक्षात ठेवा, नाकुआचे रॅम्स आणि डेट्रॉइटचे लायन्स दोघांची सुट्टी (सामना नसलेला आठवडा) आठव्या आठवड्यात आहे. जॅग्वार्सचीही. म्हणजे ब्रायन थॉमस घेतला तर तोही त्या दिवशी घरी.

नोव्हीचा_नाना

फुलबॅक, नाकुआ सापडला हे सगळ्यांना आठवतं. त्याच वर्षी शेवटच्या फेऱ्यांत घेऊन महिन्याभरात सोडून दिलेले रिसीव्हर कोणाला आठवत नाहीत. मीच चार सोडले होते. शेवटच्या फेऱ्यांत नवखे घ्यावेत, जरूर घ्यावेत, पण त्यांच्या भरवशावर पहिली पाळी सोडू नये.

सुट्टीचं म्हणाल तर तो एक आठवडा आहे. दोघे उत्तम असतील तर एक सामना हरा आणि बाकीचे जिंका. त्यापायी खालच्या थरातला माणूस वर आणू नका.

ताई, मी डेट्रॉइटशेजारी राहतो, सेंट ब्राऊनवर माझं प्रेम आहे, त्यामुळे हे तेवढं वजा करून वाचा. २०२१च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये तो चौथ्या फेरीत, ११२वा गेला. त्याच्याआधी निवडलेल्या सोळा रिसीव्हरांची नावं तो आजही पाठ म्हणून दाखवतो. सराव संपल्यावर मशीनमधून सुटणारे २०२ चेंडू झेलल्याशिवाय घरी जात नाही. लागोपाठ दोन हंगाम ११९ आणि ११५ कॅच. फुल पीपीआरमध्ये नुसत्या झेलांचे एवढे गुण म्हणजे दर रविवारी सहा-सातची बेगमी, यार्ड आणि टचडाउन त्यावर.

बर्फातली_कोल्हापुरी (गुरुवार, रात्री ११)

झाला ड्राफ्ट! विसर्जनाहून ओल्या साडीतच आले आणि कागद घेऊन बसले. पाच थर लावले होते, रेघा लेकीने मारल्या.

नाना, तुम्ही म्हणालात तसंच झालं. जेफरसन दुसरा गेला. नवव्याला नाकुआ आणि नेबर्स गेलेले, सेंट ब्राऊन होता. घड्याळात एकाहत्तर सेकंद बाकी असताना घेतला. सोळाव्याला कागद पाहिला : रिसीव्हरच्या दुसऱ्या थरात दोनच नावं उरलेली, रनिंग बॅकच्या त्याच थरात पाच. अटलांटाचा ड्रेक लंडन घेतला, गेल्या वर्षी शंभर कॅच, १५८ टार्गेट. फुलबॅक, तुमचंही ऐकलं : ३३ला जेम्स कुक मिळाला आणि ४०ला केनेथ वॉकर. त्या पाचांतले हे दोघे नव्हते, पण पुढच्या थरातले पहिले दोन होते.

आता एकच अडचण. बाकावरच्या शेवटच्या जागेला टँपाचा नवखा एमेका एग्बुका घेतलाय. पहिल्याच रविवारी दुपारी बाराला फाल्कन्स विरुद्ध बुकॅनिअर्स, म्हणजे माझा लंडन एका बाजूला आणि एग्बुका दुसऱ्या बाजूला. त्याला फ्लेक्समध्ये उतरवू, की आधी दोन आठवडे त्याला किती टार्गेट मिळतात ते बघू?

नोव्हीचा_नाना

दोन आठवडे बघा. टँपाचा क्रिस गॉडविन अजून घोट्याच्या दुखापतीतून सावरतोय, त्यामुळे एग्बुकाला संधी लगेच मिळेल असं मला वाटतं. पण पहिल्या रविवारी फ्लेक्समध्ये माहितीतला माणूसच ठेवा. आणि त्याला तोवर सोडू मात्र नका.