विषय: बाळांसाठी दूध पावडर पाठवूया का?

नमस्कार मंडळी,
युद्धात अडकलेल्या त्या मुलांचे व्हिडिओ बघितल्यापासून जेवण जात नाहीये. काहीतरी केलंच पाहिजे. प्रत्येकाने बाळाच्या दूध पावडरचे दोन-दोन डबे, लहान मुलांचे कपडे, थोडी खेळणी आणा, सगळं एकत्र पॅक करून पाठवू. पैसे दिले की कुठे जिरतात कळत नाही, डबा कसा थेट बाळाच्या तोंडी लागतो. पॅकिंगला कोण येतंय?
काका

---

काका, नमस्कार.
तुमची तळमळ कळते हो, पण पावडर नको, प्लीज. मी नर्स आहे, निर्वासितांच्या कॅम्पमध्ये दोनदा काम केलंय म्हणून हक्काने लिहितेय. पावडर कालवायला उकळलेलं पाणी, बाटली धुवायला पाणी, आणि तिथे प्यायच्याच पाण्याची मारामार. आई मग डबा पुरवून पुरवून वापरते, दूध पातळ करते, बाळाला जुलाब लागतात आणि बघता बघता डोळे खोल जातात. शिवाय अंगावर पाजणं कमी झालं की दूध आटतं, डबा संपला की मग काहीच नाही. २००६ मध्ये इंडोनेशियातल्या योग्याकार्ताच्या भूकंपानंतर असे डबे सरसकट वाटले गेले, नंतर पाहणी झाली तेव्हा डबे मिळालेल्या घरच्या बाळांमध्ये जुलाब २५ टक्के, न मिळालेल्यांत १२च्या आसपास. आई गेलेल्या बाळांना पावडर लागतेच, पण ती तिथल्या लोकांनी एकेक बाळ तपासून, पाण्याची सोय बघून द्यायची असते.

त्यापेक्षा कुपोषणाचं पॅकेट बघा. शेंगदाणा, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं, सगळं घोटून केलेली पेस्ट. ९२ ग्रॅमचं पॅकेट, ५०० कॅलरी, कालवायला पाणी नको, चूल नको, कोपरा फाडायचा आणि मूल स्वतःच चोखतं. सहा महिन्यांच्या पुढच्या मुलांनाच देतात, त्याआधी आईचं दूध. कुणाला द्यायचं ते दंडाला पट्टी गुंडाळून ठरतं, साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली घेर आला की पट्टीवर लाल रंग, म्हणजे तीव्र कुपोषण. दीड वर्षाची एक मुलगी आठवते, पट्टी ओढत गेले तरी लालच, दंड माझ्या दोन बोटांएवढा, रडायचंसुद्धा त्राण नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात तिने माझ्या हातातलं पॅकेट हिसकावून घेतलं, मी तिथेच रडले.

कपड्यांचंही तेच, खोकी कस्टम्समध्ये अडकतात, सुटली तर निवडत बसायला माणसं कुठून आणायची, आणि औषधांचं सामान मागे राहतं. जवळपासचा बाजार चालू असला तर आईच्या हाती रोख मिळाली की ती स्वतःच्या पोराच्या मापाचं घेते.
ताई

---

ताई, बरं झालं लगेच लिहिलंत. हे पाण्याचं डोक्यातच आलं नव्हतं. मी घेतलेले डबे उद्या परत करतो आणि ते पैसे युनिसेफला देतो. फक्त पॅकेटसाठीच वापरा असं लिहून देऊ का नुसतेच देऊ?
काका

---

नुसतेच द्या काका. आज पॅकेटं हवी असतात, आठवड्याने कॅम्पमध्ये गोवर शिरला की लस लागते आणि ती २ ते ८ डिग्रीत ठेवायला बर्फाच्या पेट्या. आईबापांपासून चुकलेल्या मुलांची नावं नोंदवायला, त्यांचे नातेवाईक शोधायला माणसं लागतात, त्या कामाला वेगळे पैसे फारसं कुणी देत नाही.
ताई