उत्तरेकडे तोंड असलेल्या बाल्कनीत बारमाही हिरवी फुलझाडे जगतील का?

तिलकवाडीची सून

नमस्कार मंडळी. तीन वर्षांपूर्वी आम्ही बेळगावच्या शहापुरातील जुने घर सोडून तिलकवाडीत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर राहावयास आलो. जुन्या घराच्या परड्यात जास्वंद, तगर, मोगरा आणि प्राजक्त असल्यामुळे देवाला फुले विकत आणण्याची वेळ कधी आली नव्हती. येथे एकच बाल्कनी आहे, तिचे तोंड उत्तरेला आहे, आणि गेल्या वर्षी समोर पंचवीसेक फुटांवर दुसरी इमारत उभी राहिल्यामुळे जे काही तिरपे ऊन येत होते तेही बरेचसे अडले. हौसेने आणलेल्या जास्वंदीला पाने भरपूर आहेत, फांद्या लांबलचक होऊन कठड्याबाहेर झुकल्या आहेत, पण आठ महिन्यांत मोजून तीन फुले आली. मोगऱ्याने तेवढाही मान ठेवला नाही.

सावलीतल्या कुंड्यांसाठी म्हणून इंटरनेटवर कॅमेलिया, ऱ्होडोडेंड्रॉन, स्किमिया अशी नावे वाचली. ही झाडे बेळगावात होतात का? पाने बारा महिने हिरवी राहावीत आणि सासूबाईंना देवापुढे ठेवण्यापुरती चार फुले मिळावीत, एवढीच अपेक्षा आहे. कुंड्या १२ इंची आहेत. नळाला पाणी नसेल त्या दिवशी बोअरचे पाणी घालते.

खानापूरचा माळी

ताई, ती यादी थंड देशांतील लोकांनी आपल्या हवामानासाठी केलेली आहे. ऱ्होडोडेंड्रॉन आपल्या दक्षिणेत आपोआप वाढतो तो निलगिरीच्या माथ्यावर, दीड हजार मीटरहून अधिक उंचीवर. बेळगाव जेमतेम साडेसातशे मीटरवर आहे आणि एप्रिलच्या उन्हाळ्यात येथील भिंती रात्रीही गरम असतात. तेव्हा ती नावे बाजूला ठेवावीत.

झाड निवडण्याआधी बाल्कनीतील उजेड पाहावा, कारण ‘सावली’ या एका शब्दात आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबतो. दुपारी बाराच्या सुमारास कठड्याजवळ पांढरा कागद ठेवून त्यावर वीतभर उंचीवर हात धरावा. हाताची सावली फिकट पण ओळखू येईल अशी पडली, तर तो उजेडाचा आडोसा समजावा. तेथे बरीच झाडे फुलतात. सावली मुळीच उमटली नाही, तर तेथे फुलांचा नाद सोडून नुसत्या पानांची झाडे ठेवणे शहाणपणाचे.

उत्तरेच्या बाल्कनीबद्दल आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. बेळगाव सुमारे पावणेसोळा अक्षांशावर असल्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आपल्याकडे भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो, आणि मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत तो उगवतो व मावळतो तोही उत्तरेकडे सरकून. म्हणजे तुमच्या बाल्कनीला सकाळ-संध्याकाळचे थोडे ऊन मिळण्याचा हक्काचा काळ उन्हाळा हाच आहे. जूनपासून ढग येतात आणि हिवाळ्यात सूर्य पूर्णपणे दक्षिणेला जातो. त्यामुळे आपल्या झाडांनी एप्रिल-मेमध्ये साठवावे आणि पुढे पुरवून खावे, अशी व्यवस्था आहे. कुंड्या या दोन महिन्यांत अगदी कठड्याला लावून ठेवाव्यात आणि कोवळी पाने करपतात की काय, तेवढे पाहावे.

झाडांत माझी पहिली पसंती तगरीला. परड्यात तिला पूर्ण ऊन होते म्हणून ती झाडभर फुलत असेल. बाल्कनीत फुले निम्म्याने कमी येतील, पण येतील, आणि पाने कायम गडद हिरवी राहतील. शेंडे वरचेवर खुडत राहिल्यास ती आटोपशीर राहते. पावसाळ्यात पाने रातोरात कुरतडलेली दिसली तर फांदीवर बोटाएवढी हिरवी, डोक्यामागे दोन निळे डोळे असल्यासारखी अळी शोधावी. ती कण्हेरीवर आणि तगरीवर वाढणाऱ्या एका देखण्या पतंगाची असते. मी तिला उचलून कुंपणाच्या कण्हेरीवर सोडतो, मारत नाही.

दुसरे झाड कुंतीचे. कढीपत्त्याच्याच कुळातले, बारीक चकचकीत पानांचे आणि वळिवाच्या सरीनंतर एकदम पांढरे होऊन घर सुगंधाने भरणारे. रोज फूल देण्याचा तिचा स्वभाव नाही, हे मात्र आधी सासूबाईंना सांगून ठेवावे. तिसरी अबोली. ती १२ इंची कुंडीत सुखाने राहते, उजेडाच्या आडोशात बरीच फुलते, आणि वाळलेल्या कणसावर पाण्याचा थेंब पडला की बोंडे तडतड फुटून बी लांब उडते. शेजारच्या कुंडीत रोपे आपोआप उगवलेली दिसली तर आश्चर्य वाटून घेऊ नये.

आमच्या खानापूरच्या जंगलात सावलीतच निळी फुले देणारी दशमुळी नावाची रानअबोली दिसते. तिचा मोह अनेकांना होतो, पण ती जंगलातून उपटून कुंडीत आणू नये. तिची जागा तेथेच आहे.

वडगावच्या काकू

वरील उत्तरात अनंताचा उल्लेख आला नाही, म्हणून लिहिते. अनंत सकाळच्या तासा-दोन तासांच्या कोवळ्या उन्हावर फुलतो आणि उरलेला दिवस त्याला आडोसाच आवडतो. परंतु तो पाण्याच्या बाबतीत भारी चिकित्सक आहे. मी दोन वर्षे बोअरचे पाणी घालत राहिले. पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, कळ्या हरभऱ्याएवढ्या होऊन गळू लागल्या. मला वाटले खत कमी पडले, म्हणून शेणखत वाढवले, पण काही फरक पडला नाही. बोअरच्या जड पाण्याने माती हळूहळू चुनखडी होते आणि मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही, हे नंतर समजले. आता पावसाचे पाणी पिंपात धरून ठेवते, ते संपले की नळाचे पाणी देते, आणि वर्षातून दोनदा चिलेटेड लोहाची (म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची) फवारणी करते. झाड सावरले. तेव्हा ताई, बोअरचे पाणी तगरीला आणि अबोलीला घाला. अनंत आणला तर त्याला ते शक्यतो देऊ नका.

आपली तांबडी माती अनंताला मानवते, पण ती नुसती भरली तर कुंडीत विटेसारखी बसते. दोन भाग तांबडी माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत, एक भाग कोकोपीट आणि एक भाग जाड वाळू किंवा भाताची तुसे, असे मिश्रण मी करते.

निपाणीकर

अबोलीबद्दल थोडा मतभेद नोंदवतो. माझ्याकडे पूर्ण आडोशात तिने सहा महिने पाने दिली, एकही फूल दिले नाही. शिवाय पावसाळ्यात मुळाशी पाणी साचले की ती बघता बघता माना टाकते. सावलीतील कुंडी मुळातच उशिरा वाळते. त्यामुळे जूनमध्ये कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाकाव्यात आणि बोट दोन पेरे मातीत घालून ती कोरडी लागल्याशिवाय पाणी देऊ नये. माझी बहुतेक झाडे उन्हाने नव्हे, पाण्याने मेली आहेत.

त्याऐवजी नर्सरीत ‘लॉलीपॉप’ या नावाने मिळणारे, पिवळ्या कणसांचे झुडूप पाहावे. कणसे कित्येक आठवडे टिकतात. ‘येस्टरडे-टुडे-टुमॉरो’ हेही चांगले झाड आहे. फूल जांभळे उमलते आणि दोन-तीन दिवसांत फिकट होत पांढरे होते. घरात कुत्रे असल्यास मात्र ते आणू नये, त्याच्या बिया कुत्र्यांना विषारी असतात.

तिलकवाडीची सून

सर्वांची आभारी आहे. काल आणि आज दुपारी कागद ठेवून पाहिला. कठड्यापाशी हाताची फिकट सावली पडते, दाराजवळ काहीच उमटत नाही. म्हणून कठड्याला तगर आणि लॉलीपॉप लावावे, एका कोपऱ्यात अबोलीचा प्रयोग करावा, आणि अनंत पाण्याची सोय होईपर्यंत पुढे ढकलावा, असे ठरवले आहे. दाराजवळ मनीप्लांटच राहू दे. जास्वंदीचे काय करावे, ते कृपया सांगावे. सासूबाईंना ती टाकवत नाही.

खानापूरचा माळी

टाकू नका. इमारतीच्या गच्चीवर परवानगी मिळत असेल तर ती तेथे न्यावी, आणि नेताना एकदम कडक उन्हात न ठेवता आठ-दहा दिवस टाकीच्या आडोशाला ठेवावी, नाहीतर सावलीत वाढलेली पाने भाजून निघतील. ओली १२ इंची कुंडी सहज पंचवीस किलो भरते, तेव्हा पाणी घालण्याआधी उचलावी. वर गेल्यावर फांद्या एक तृतीयांश छाटाव्यात. नवीन झाडे वळिवाचे दोन पाऊस झाल्यावर, पण मोठ्या पावसाच्या आधी लावावीत, म्हणजे मुळे धरायला तीन-चार आठवडे मिळतील.