बिनबाह्यांचा स्वेटर: पुस्तकात २२ टाके, नमुन्यात २०. सुई बदलू की टाके?

सुलट_उलट (कोथरूड)

नमस्कार. टोप्या, मफलर, बाळाचे बूट एवढं विणून झालंय. आता पहिल्यांदाच अंगात घालायचं काही करतेय: व्ही गळ्याचा बिनबाह्यांचा स्वेटर. सकाळी सातच्या लेक्चरला स्कूटरवरून जाताना घालायचा आहे. छाती ८६ सेंमी, तयार स्वेटर ९४ हवा. काखेपर्यंतची लांबी ३४ सेंमी.

पुस्तकात ४ मिमी म्हणजे ८ नंबरच्या सुयांवर १० सेंमीत २२ टाके, ३० ओळी दिल्या आहेत. माझ्या नमुन्यात, म्हणजे माप बघायला आधी विणलेल्या छोट्या चौकोनात, त्याच सुयांवर २० टाके, २८ ओळी येतात. लोकर डबल निटिंग म्हणजे मध्यम जाडीची, अॅक्रिलिक (कृत्रिम धागा). पाठीला १०६ टाके घालायला सांगितलेत.

तीन शंका आहेत. दोन टाक्यांच्या फरकाने खरंच बिघडतं का? दुपारी उकडतं म्हणून कॉटन घ्यावं का? आणि साध्या विणीचे (एक ओळ सुलट, एक उलट) काठ गुंडाळतात, ते काखेत आणि गळ्याला कसे थांबवायचे?

लोकरीचा_गुंडा

अगं, दोन टाके थोडे नाहीत. १०६ मधला एकेक टाका दोन्ही बाजूंच्या शिवणीत जातो, उरले १०४. पुस्तकाच्या हिशेबाने ते ४७ सेंमी, तुझ्या हाताने ५२. पाठ आणि पुढा मिळून ९४ ऐवजी १०४. दहा सेंमी ढगळ स्वेटर काखेतून वारा आत घेतो, म्हणजे स्कूटरवर त्याचा उपयोगच नाही.

आधी नमुना कसा मोजलास ते तपास. निदान १५ सेंमीचा चौकोन हवा, धुऊन सपाट वाळवलेला, आणि मोजायचे ते मधले १० सेंमी. कडेचे टाके वेडेवाकडे असतात, ते धरले की हिशेब चुकतो. नमुन्यावर आडवे पट्टे दिसत असतील तर तुझ्या उलट ओळी सैल पडताहेत. अशा वेळी उलट ओळीसाठी एक नंबर बारीक सुई घ्यायची, पट्टे जातात आणि मापही थोडं घट्ट होतं.

मग नमुना हातात धरून बघ. वीण विरविरीत वाटली तर ९ नंबर (३.७५ मिमी) घेऊन पुन्हा नमुना कर, २२ येऊ शकतील. पोत छान वाटत असेल तर सुई बदलू नकोस, टाके बदल. स्कूटरसाठी हवा म्हणतेस तर माझं मत जरा घट्ट विणीकडे आहे, पण पुठ्ठ्यासारखी कडक नको.

८ नंबरच ठेवलीस तर: ४७ सेंमी गुणिले २ म्हणजे ९४, अधिक शिवणीचे २, एकूण ९६. खालची पट्टी दोन सुलट-दोन उलट, १० नंबरवर (३.२५ मिमी), ९४ टाक्यांची. ९४ अशासाठी की सुलट बाजूला ओळ दोन सुलटने सुरू होऊन दोन सुलटनेच संपते. शिवताना दोन्हीकडचा एकेक टाका आत गेला की उरलेले दोन मिळून पट्टी अखंड दिसते. ५ सेंमी झाले की शेवटच्या ओळीत २ टाके वाढव आणि ८ नंबरवर जा.

एक खबरदारी. नेटवरच्या विणकामाच्या बऱ्याच कृती अमेरिकन नंबर देतात. त्यांची ८ नंबर म्हणजे ५ मिमी, आपल्या दुकानातली ८ म्हणजे ४ मिमी. नेहमी मिलिमीटर बघ.

उभे_आडवे

लोकरीबद्दल लिहितो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी ३० च्या आसपास असतो. त्यामुळे तुम्हाला ऊब सकाळी दोन तासच हवी आहे. शंभर टक्के कॉटन मला या कामाला पटत नाही. ते जड असतं, त्याला लवचीकपणा नसतो, पट्टी महिन्याभरात सैल पडते आणि स्वेटर स्वतःच्या वजनाने खाली लोंबतो. कॉटन-अॅक्रिलिक मिश्र मिळालं तर उत्तम. नाहीतर हातातलं अॅक्रिलिकच ठीक आहे: हलकं, मशीनमध्ये धुता येतं, आटत नाही. खरी लोकर सर्वांत उबदार, पण गरम पाण्यात घुसळली की आटून नमदा (घट्ट, जाड कापड) होतो.

अॅक्रिलिकला इस्त्री मात्र लावू नका. उष्णतेने धागा मरतो, वीण चपटी आणि चकचकीत होते, आणि ती परत उभी राहत नाही. थंड पाण्यात धुवा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, पिळू नका, आडवं वाळवा.

किती लोकर लागेल हे नमुनाच सांगतो. १५ × १५ सेंमीचा चौकोन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. समजा १० ग्रॅम भरला. तुमच्या मापाचं पाठ-पुढ्याचं क्षेत्रफळ सुमारे ४,३५० चौसेंमी होतं, भागिले २२५, म्हणजे साधारण १९३ ग्रॅम. पट्ट्या आणि शिवण धरून २२५ ते २५० ग्रॅम घ्या. सगळे गुंडे एकदम घ्या आणि वेष्टनावरचा लॉट नंबर प्रत्येकाचा जुळवा. वर्धमान असो की ओसवाल, एकाच रंगाच्या दोन लॉटमध्ये छटेचा फरक निघतो, तो ट्यूबलाइटखाली कळत नाही आणि उन्हात पाठ-पुढा शेजारी धरले की ठळक दिसतो. तुळशीबागेत घेत असाल तर गुंडा दुकानाच्या दारात उजेडात आणून बघा.

वाऱ्याचं म्हणाल तर साध्या विणीतून तो जातोच. वरून पातळ विंडचीटर घाला. विणीकडून जास्तीची अपेक्षा नको.

सुलट_उलट

ताई, दादा, खूप आभार. ९६ टाके घेते, ८ नंबरच ठेवते. काखेची आणि गळ्याची घट, म्हणजे कमी करायचे टाके, किती? पुस्तकातले आकडे आता लागू होणार नाहीत ना?

लोकरीचा_गुंडा

नाहीत. नव्याने मांडू. काखेची पट्टी दोन्हीकडे २ सेंमी येणार, म्हणून खांद्यांमधली रुंदी ३१ सेंमी धर: ६२ अधिक काठाचे २, म्हणजे ६४ टाके. ९६ मधून ३२ जायचे, एका बाजूचे १६. दोन ओळींच्या सुरुवातीला ५-५ बंद कर, पुढच्या दोन ओळींच्या सुरुवातीला ३-३, मग प्रत्येक सुलट ओळीत दोन्हीकडे एकेक, आठ वेळा. घट काठापासून दोन टाके आत घे, म्हणजे काठ सरळ राहतो आणि नंतर टाके उचलायला सोपं जातं. सुरुवातीला: २ सुलट, एक टाका न विणता घे, पुढचा विण, न विणलेला त्यावरून काढ. शेवटी: चार टाके उरले की दोन एकत्र सुलट, २ सुलट. दोन्हीकडे एकसारखी घट घेतलीस तर एका बाजूची रेघ तुटक दिसते.

काखेपासून वर २१ सेंमी, तुझ्या हाताने जवळपास ६० ओळी. पुढ्यात काखेच्या सहा ओळी झाल्यावर टाके मधोमध वाटून व्ही सुरू कर. गळ्याकडे १६ टाके कमी करायचे: एकदा दोन ओळींनी, एकदा चार ओळींनी, आलटून पालटून, ४८ ओळींत १६ पूर्ण. उरलेल्या ओळी साध्या. प्रत्येक खांद्याला १६ टाके राहतील. काखेची आणि गळ्याची घट काही ओळी एकत्र चालते, गडबड होते ती तिथेच. कागदावर दोन रकाने आखून प्रत्येक घटीला खूण कर.

खांदे वेगवेगळे बंद करू नकोस. पाठ-पुढा सुलट बाजू आत ठेवून तिसऱ्या सुईने दोन्हीकडचा एकेक टाका एकत्र विणत बंद कर. खांद्याला पायऱ्या पडत नाहीत.

टाका_पडला

पट्ट्यांचं राहिलं. काठ गुंडाळतो कारण सुलट विणीत प्रत्येक फासा एकाच दिशेने ओढलेला असतो. सुलट-उलट शेजारी आले की ओढ फिटते, म्हणून पट्टी. पण पट्टी बसते की नाही हे उचललेल्या टाक्यांवर ठरतं. उभ्या काठावर चार ओळींना तीन टाके उचल, बंद केलेल्या टाक्यांवर एकाला एक. चाराला चार घेतले तर पट्टी झालरीसारखी उडते, दोन घेतले तर काख आवळते. तुझ्या काखेला सुमारे १०० टाके येतील, १० नंबरवर एक सुलट-एक उलट पाच फेऱ्या.

गळ्याला दोन्ही बाजूंनी ४०-४०, मागे ३१, आणि टोकाशी दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलून त्याचा एक मधला टाका. मधल्याच्या दोन्हीकडे उलट टाका यायला हवा, म्हणून बाकीचे १११ विषम ठेवलेत. एकाआड एक फेरीत टोकाशी तीनचा एक कर: दोन टाके एकत्र न विणता घे, पुढचा विण, दोन्ही त्यावरून काढ. मधला टाका वर उभा राहतो आणि टोक धारदार दिसतं. सहा फेऱ्या पुरेत. शेवट सुलटला सुलट, उलटला उलट विणत ८ नंबरच्या सुईने बंद कर, १० नंबरने बंद केलास तर गळा ताठ होतो.