वय २४, कंत्राटी नोकरी, सरकारी भरतीची वाट. किती थांबायचं?

डिचोलीवाला२४
बी.एस्सी. केमिस्ट्री. कुंडईला फार्मा कंपनीत कंत्राटदारामार्फत कामाला, तिन्ही पाळ्या फिरत्या, हातात १८,००० पडतात. घरच्यांना सरकारी नोकरीच हवी आणि चवथीला माटोळीखाली (गणपतीवर बांधलेली फळाफुलांची सजावट) बसलं की तोच विषय. क्रेडिट कार्डचे ४०,००० थकलेत, मिनिमम भरतोय. रात्रपाळी नसली तरी झोप लागत नाही. अभ्यास करू, कंपनी बदलू की गोव्याबाहेर जाऊ, काहीच ठरत नाही. सुरुवात कुठून करावी?

हिशेबी
आधी कार्ड. ४०,००० वर मिनिमम ५ टक्के धरलं तर २,०००. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज १,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२. मुद्दल फिटतं साडेतीनशेसुद्धा नाही! शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, म्हणून कार्ड आजच कपाटात टाका. बँकेकडून किंवा पतसंस्थेकडून १४ टक्क्यांच्या आसपास वर्षभराचं कर्ज मिळालं तर हप्ता ३,६०० च्या घरात बसतो. प्रोसेसिंग फी आधी विचारा. कर्ज फिटलं की तेवढीच रक्कम आरडीत वळवा, तीन महिन्यांचा खर्च साठेपर्यंत. एसआयपी वगैरे त्यानंतर.

पीएफचं पासबुकही बघा. महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरला जायला हवा. कंत्राटदार बदलला तरी यूएएन (पीएफचा कायमचा खाते-ओळख क्रमांक) जुनाच द्या, नाहीतर दोन खाती होतात आणि पैसे जोडून घेताना दमछाक होते.

भरतीवर लक्ष
गोव्यात बऱ्याच सरकारी पदांची वयोमर्यादा ४५ आहे. लोक याला सवलत म्हणतात, मला तो सापळा वाटतो. दार बंदच होत नाही, म्हणून माणूस उंबरठ्यावर बसून राहतो. तारीख तुम्हीच घाला. आजपासून दीड वर्ष, आणि ती घरी सगळ्यांसमोर सांगा. त्यानंतर अर्ज भरत राहायला हरकत नाही, पण "भरती येणार आहे" म्हणून दुसरा निर्णय अडवायचा नाही.

कागद आत्ताच जमवा. मामलेदाराकडून १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, रोजगार विनिमय केंद्रातली नोंदणी, लागू असेल तर जातीचा दाखला. जाहिरात आल्यावर धावपळ केली की नेमका एक कागद राहतो. कोकणीचं ज्ञान अनिवार्य असतं, मराठीचं इष्ट. गट 'क'च्या जागा कर्मचारी निवड आयोगाकडून संगणकावरच्या परीक्षेने भरतात, तेव्हा सराव वहीत नको, घड्याळ लावून स्क्रीनवर करा. सकाळपाळीच्या आठवड्यात रोज दोन तास बसा, रात्रपाळीच्या आठवड्यात नवं काही वाचू नका. झोप मोडलेली असताना वाचलेलं टिकत नाही.

आणि कंपनीत प्रॉडक्शनमध्ये असाल तर क्यूसीत (गुणवत्ता तपासणी विभागात) बदली मागा. एचपीएलसीवर (औषधातले घटक तपासायचं यंत्र) हात बसला की वेर्णा असो वा गोव्याबाहेर, त्या अनुभवाला भाव आहे. नेमणूकपत्र आणि दरमहाची पगारपावती जपून ठेवा. कंत्राटदार गेला की अनुभवाचा दाखला मागायला माणूसच सापडत नाही.

पाळीवाली
झोपेचं सांगते. चहा-कॉफी झोपेच्या सहा ते आठ तास आधी बंद. रात्रपाळीत पहाटे चारला घेतलेली कॉफी सकाळी आठलाही अंगात असते. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठा, मंद दिव्यात बसा, डोळे मिटायला लागले की परत आडवे व्हा. कूस बदलत पडून राहिलात तर अंथरूण म्हणजे विचार करायची जागा होऊन बसते. त्या विचारांना संध्याकाळी पंधरा मिनिटं द्या, कागदावर, दोन रकाने पाडून: माझ्या हातात आहे, नाही. पहिल्या रकान्यापुढे उद्याचं एकच काम लिहा.

झोपेसाठी बिअर नको (आपल्याकडे स्वस्त आहे, ठाऊक आहे). डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप तुटते.

दोन आठवडे बहुतेक दिवस उदास वाटत असेल, भूक आणि कामातला रस गेला असेल, तर वाट बघू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फुकट आहे, चोवीस तास. प्रत्यक्ष जायचं तर बांबोळीला आयपीएचबीची (सरकारी मनोरुग्णालयाची) ओपीडी. जीव नकोसा वाटला तर ओपीडीची वेळ न बघता घरच्या एकाला सोबत घेऊन थेट गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत.

डिचोलीवाला२४
आयपीएचबीत गेल्याचं घरी किंवा कंपनीत कळतं का?

पाळीवाली
अठरा पूर्ण झालेल्याला ओपीडीसाठी पालकांची सही लागत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे, डॉक्टर कंपनीला परस्पर काही सांगू शकत नाहीत. धोक्याच्या प्रसंगासारखे थोडे अपवाद आहेत. जाताना किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात, कुठली पाळी होती, याची आठवडाभराची नोंद न्या. औषध दिलं तर गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. बरं वाटलं म्हणून मनानेच बंद करू नका. आणि रात्रपाळी असते हे आठवणीने सांगा, त्यावर गोळीची वेळ ठरते.