अनुभव धागा: रेक्समधून ऑपरेटरच्या कन्सोलपर्यंत

ठाणे आणि नवी मुंबईत मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संस्थांच्या मध्यवर्ती संगणकावर, काम करणाऱ्यांना हे निमंत्रण आहे. रेक्स या स्क्रिप्ट भाषेतून कन्सोलवर, म्हणजे ऑपरेटरच्या देखरेखीच्या पडद्यावर, संदेश कोणत्या मार्गाने पाठवता, आणि तो पोहोचल्यावर पाळीवरच्या माणसाला त्याचा खरोखर उपयोग झाला का, हे दोन्ही सविस्तर लिहावे. बँका, ग्राहक आणि कंपन्या यांची नावे मात्र घेऊ नयेत.

महापे, बॅच सपोर्ट

नव्याने रुजू झालेल्यांची एक समजूत ठरलेली असते, ती म्हणजे रेक्समध्ये ‘से’ लिहिले की ओळ ऑपरेटरला दिसते. जॉब आयकेजेईएफटी०१ खाली (टीएसओ हे आज्ञा देण्याचे वातावरण बॅचमध्ये चालवणाऱ्या प्रोग्रॅमखाली) चालत असेल, तर ती ओळ एसवायएसटीएसपीआरटी या डीडीत, म्हणजे जॉबच्या आउटपुट फाइलीत, जाऊन पडते, आणि मध्यरात्री तो आउटपुट उघडून बघायला कोणी रिकामे नसते. कन्सोलसाठी आम्ही टीएसओची ‘सेंड’ आज्ञा वापरतो. एकेरी अवतरणात मजकूर, त्यापुढे ‘ऑपरेटर’ आणि कंसात राउटिंग कोड (संदेश कोणत्या कन्सोलांकडे जावा ते ठरवणारा क्रमांक), एवढ्यावर काम भागते. कोड दिला नाही, तर २ धरला जातो. मजकूर ११५ अक्षरांत बसवावा लागतो, याची अनेकजण तक्रार करतात. मला मात्र ही मर्यादा हिताची वाटते, कारण त्यामुळे जॉबचे नाव, पायरी, रिटर्न कोड (पायरी कशी संपली ते सांगणारा आकडा) आणि कोणाला उठवायचे एवढेच उरते व पाल्हाळ आपोआप गळून पडतो. डेटासेटचे (फाइलचे) नाव अवतरणासह घालायचे असेल, तर आतले प्रत्येक अवतरणचिन्ह दोनदा लिहावे, नाहीतर आज्ञा मध्येच तुटते.

ऐरोली, रात्रपाळीवरचा ऑपरेटर

महापेच्या ताईंनी पाठवणाऱ्याची बाजू मांडली आहे, म्हणून मी वाचणाऱ्याची मांडतो. दिवसअखेरीची बॅच रंगात आली की ओळी सरासर वर सरकतात, आणि सेंडने आलेली ओळही इतरांबरोबर निघून जाते. आमची नजर आधी डाव्या कडेला जाते. तारांकित ओळ प्रणालीने मागितलेल्या कृतीची असते. सामान्य प्रोग्रॅमने कृती मागितली असेल, तर तिथे ‘ॲट’चे चिन्ह दिसते, आणि अधिकृत नसलेल्या प्रोग्रॅमच्या साध्या माहितीपुढे अधिकचे चिन्ह येते. त्यानंतर संदेशाच्या ओळखक्रमांकातले शेवटचे अक्षर पाहिले जाते: ‘आय’ म्हणजे माहिती, ‘ए’ म्हणजे लगेच काहीतरी करा. ज्यांच्या स्क्रिप्टमधून ओळखक्रमांकच येत नाही, त्यांचा संदेश आमच्या ऑटोमेशनलाही नीट पकडता येत नाही, मग माणसाची काय कथा!

एका ग्राहकाच्या रेक्समध्ये फाइल येईपर्यंत फेरा चालत असे आणि प्रत्येक फेऱ्याला कन्सोलवर एक ओळ येई. दोन फेऱ्यांमध्ये थांबण्याची सोयच ठेवलेली नव्हती. त्याच वेळी एक कन्सोल जुने संदेश आपोआप न पुसण्याच्या स्थितीत राहिलेला होता. संदेश साचत गेले आणि ‘आयईए४०५ई’ झळकला, म्हणजे डब्ल्यूटीओ बफर (कन्सोलवर जाणारे संदेश तात्पुरते ठेवण्याच्या जागा) ८० टक्के भरले. या बफरांची संख्या कन्सोलएक्सएक्स या पार्मलिब (प्रणालीच्या सेटिंगांची लायब्ररी) सदस्यातल्या ‘एमलिम’ने ठरते आणि काही न लिहिल्यास ती १५०० असते. ‘डी सी,बी’ने कोणत्या कन्सोलवर तुंबले आहे ते शोधले, ‘के क्यू’ने त्याची रांग रिकामी केली, जॉब रद्द केला, आणि मग ‘आयईए४०६आय’ येऊन तुटवडा संपला. तेवढ्या वेळात खरोखर महत्त्वाचे काय निसटले, ते शोधायला सिसलॉग (प्रणालीच्या संदेशांची नोंद) पहिल्यापासून चाळावा लागला.

वागळे इस्टेट, सिस्टिम प्रोग्रॅमर

पडद्यावरून हलू नये असा संदेश हवा असेल, तर सेंड अपुरी पडते, कारण तिच्यात डिस्क्रिप्टर कोड (संदेश कोणत्या प्रकारचा आहे ते सांगणारा क्रमांक) देण्याची सोय नाही. आम्ही असेंब्लरमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहून डब्ल्यूटीओ या कन्सोलवर संदेश लिहिणाऱ्या मॅक्रोला राउटिंग कोड १ आणि डिस्क्रिप्टर कोड २ दिला, आणि रेक्समधून तो ‘ॲड्रेस लिंकपीजीएम’ने बोलावला. डब्ल्यूटीओ संपल्यावर रजिस्टर १ मध्ये संदेशाचा क्रमांक मिळतो. तो जपून ठेवावा लागतो, कारण अडचण दूर झाल्यावर ‘डॉम’ मॅक्रोने ती ओळ उतरवायची असते. संदेश लावणारे पुष्कळ भेटतात, उतरवणारे विरळा.

ठाणे पश्चिम, निवृत्त प्रोग्रॅमर

आमच्या काळी कोबोल या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘डिस्प्ले अपॉन कन्सोल’ लिहिले की काम होई. ‘ॲक्सेप्ट फ्रॉम कन्सोल’ मात्र उत्तर येईपर्यंत जॉब अडवून ठेवतो, आणि उत्तराची वाट पाहणारे असे प्रश्न ‘डी आर’ने पाहता येतात. रात्री ज्याचे उत्तर ऑपरेटरला ठाऊक असण्याची शक्यता नाही, असा प्रश्न प्रोग्रॅमने त्याला विचारूच नये, असे माझे ठाम मत आहे.

घणसोली, ऑटोमेशन

आम्हांला आज्ञा देऊन तिचे उत्तरही वाचायचे असते. त्यासाठी आधी ‘कॉन्सप्रोफ’ने सोलडिस्प्ले आणि अनसोलडिस्प्ले (मागवलेले व न मागवलेले संदेश पडद्यावर दाखवणे) दोन्ही ‘नो’ करायचे, ‘कन्सोल ॲक्टिव्हेट’ करायचे, ‘ॲड्रेस कन्सोल’ने आज्ञा द्यायची आणि ‘गेटएमएसजी’ने उत्तर स्टेममध्ये (रेक्समधल्या यादीसारख्या चलात) घ्यायचे. आज्ञेला ‘कार्ट’ हे टोकन जोडले, की आपले उत्तर इतरांच्या गर्दीतून अचूक वेगळे निघते. शेवटी ‘कन्सोल डीॲक्टिव्हेट’ करावे. हा मार्ग वापरणाऱ्याला रॅकफ या सुरक्षा प्रणालीच्या टीएसओऑथ वर्गात ‘कन्सोल’ची परवानगी लागते, आणि सुरक्षा विभाग ती सहजासहजी देत नाही, हे योग्यच आहे.

रबाळे, पायाभूत सेवा

आम्ही टीएसओ वगळून सिस्टिम रेक्सकडे, म्हणजे प्रणालीच स्वतः रेक्स चालवते त्या सोयीकडे, वळलो. ‘एफ एएक्सआर,’ आणि पुढे एक्झेकचे (रेक्स स्क्रिप्टचे) नाव दिले, की ऑपरेटर कन्सोलवरूनच ते सुरू करतो. आतून ‘एएक्सआरडब्ल्यूटीओ’ एका ओळीचा संदेश देते, ‘एएक्सआरएमएलडब्ल्यूटीओ’ अनेक ओळींचा, आणि ‘एएक्सआरवेट’ने काही सेकंद थांबता येते, म्हणजे ऐरोलीकरांनी सांगितलेला बेलगाम फेरा टळतो. या एक्झेकांच्या लायब्ररीत लिहिण्याचा अधिकार आम्ही फक्त सिस्टिम प्रोग्रॅमरांना ठेवला आहे.