मदत हवी आहे: पगारातून टीडीएस कापला, २६एएसमध्ये दिसत नाही, २०,५३० ची डिमांड आली

परळचा_प्रवासी:
करनिर्धारण वर्ष २०२३-२४. वर्षभरात पगारातून ६४,००० टीडीएस कापला गेला, सॅलरी स्लिपवर दर महिन्याला आकडा आहे. २६एएसमध्ये (आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचं आयकर खात्याकडचं विवरण) मात्र ४६,०००च. जानेवारी ते मार्चचे १८,००० गायब. रिटर्न जुलै २०२३ मध्ये मुदतीत भरलं होतं. १२ डिसेंबर २०२३ च्या इंटिमेशनमध्ये (रिटर्न तपासून खात्याने पाठवलेल्या हिशोबात) २०,५३० ची डिमांड, म्हणजे थकबाकीची मागणी. रेक्टिफिकेशन (दुरुस्तीचा अर्ज) टाकलं, डिमांड तशीच ठेवून परत आलं. आता नवीन रिफंड त्यात वळता करण्याची कलम २४५ ची सूचना आलीय. ती नोकरी सुटलीय, अंधेरीच्या त्या ऑफिसातून कोणी उत्तर देत नाही. सगळे म्हणतात भरून मोकळा हो. भरू का?

जमाखर्च:
भरू नका, आणि गप्पही बसू नका. गप्प बसणं जास्त महागात पडतं.

आधी आकडा कसा तयार झाला ते बघा. इंटिमेशनची पीडीएफ उघडा (पासवर्ड म्हणजे लहान लिपीतला पॅन आणि लगेच जन्मतारीख, आठ आकडी). डावीकडच्या रकान्यात तुम्ही भरलेलं, उजवीकडे कलम १४३(१) खाली त्यांनी काढलेलं. उत्पन्न आणि एकूण कर दोन्हीकडे सारखे असतील, फरक टीडीएसच्या ओळीत सापडेल. त्या १८,००० वर कलम २३४बी चं (आगाऊ कर कमी भरल्याचं) व्याज, एप्रिल ते डिसेंबर नऊ महिने, दरमहा १ टक्का: १,६२०. २३४सी चं (आगाऊ कराचे हप्ते चुकल्याचं) चार हप्त्यांचं मिळून ८१ + २४३ + ४०५ + १८० = ९०९. बेरीज २०,५२९, दहाच्या पटीत २०,५३०. तुमचा आकडा तंतोतंत जुळतोय, म्हणजे दुसरी कुठलीही भानगड नाही. टीडीएसचं क्रेडिट मिळालं की ही दोन्ही व्याजं आपोआप जातात.

जे चालू आहे ते कलम २२०(२) चं व्याज. डिमांड मिळाल्यापासून तीस दिवस संपले की दरमहा १ टक्का, अर्धवट महिनाही पूर्ण धरतात. तुमच्या बाबतीत महिन्याला साधारण २०५ रुपये.

रेक्टिफिकेशन फिरलं कारण बंगळुरूचं सीपीसी (रिटर्न तपासणारं खात्याचं केंद्र) २६एएसशी ताडून पाहतं. तिथे नोंदच नाही, तर 'टॅक्स क्रेडिट मिसमॅच' दहा वेळा टाकलंत तरी उत्तर तेच येणार. नोंद येण्याआधी पुन्हा टाकू नका. रेक्टिफिकेशनची, म्हणजे कलम १५४ ची मुदत आदेशाच्या आर्थिक वर्षाअखेरपासून चार वर्षं असते, म्हणजे तुम्हाला ३१ मार्च २०२८ पर्यंत.

आज करायचं ते एवढंच: आयकर पोर्टलवर पेंडिंग अ‍ॅक्शन्स, मग रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड. 'डिसअ‍ॅग्री' निवडा, कारणात टीडीएस कापला पण जमा झाला नाही असं लिहा, कागद जोडा. 'डिमांड इज करेक्ट'वर चुकूनही टिचकी मारू नका, त्यानंतर असहमती नोंदवता येत नाही. २४५ च्या सूचनेलाही तिच्यात दिलेल्या मुदतीत हेच उत्तर द्या, नाहीतर रिफंड वळता होतो.

कलम_२०५:
वरच्या उत्तराला पुढचा भाग जोडतो, कारण खरी ढाल इथे आहे.

कलम २०५ सांगतं की उगमाशी कर कापला गेला असेल, तर तेवढ्या रकमेपुरता तो करदात्याकडे थेट मागता येत नाही. मालकाने सरकारात भरला की नाही, हा प्रश्न खातं आणि मालक यांच्यातला. सीबीडीटीने (आयकर खात्याच्या वरच्या मंडळाने) १ जून २०१५ च्या पत्रात अधिकाऱ्यांना हेच बजावलंय आणि मुंबई उच्च न्यायालयाचा २००७ चा निकालही (२९३ आयटीआर ५३९) पगारदाराच्याच बाजूचा आहे.

म्हणून सिद्ध करायचं ते एकच: कर *कापला* गेला. त्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा घ्या, बँक स्टेटमेंट घ्या आणि स्लिपवरचा निव्वळ पगार व खात्यात आलेली रक्कम रुपयाला रुपया जुळतेय तिथे पेनाने खूण करा. हा जुळलेला आकडा सगळ्यात बोलका पुरावा. एक्सेलमध्ये टाइप केलेला फॉर्म १६ चालत नाही. त्याचा भाग 'अ' ट्रेसेस या खात्याच्या टीडीएस संकेतस्थळावरूनच निघतो आणि तो कंपनीने २४क्यू (पगारावरच्या टीडीएसचं तिमाही विवरणपत्र) भरल्याशिवाय निघत नाही.

कंपनीला ईमेल आणि रजिस्टर्ड एडी दोन्ही पाठवा: चौथ्या तिमाहीचं २४क्यू भरा किंवा दुरुस्त करा. त्यात २३४ई खाली रोजचे २०० रुपये विलंब शुल्क आणि २७६बी खालच्या खटल्याचा उल्लेख करा. पुष्कळ ऑफिसं एवढ्यावर हलतात. पत्राची प्रत आणि पोच हाही तुमचा पुरावा.

मग पोर्टलच्या 'नो युअर एओ'वर (एओ म्हणजे तुमचा करनिर्धारण अधिकारी) पॅन टाकून वॉर्ड, म्हणजे त्याचं ऑफिस शोधा. मुंबईत तो चर्चगेटच्या आयकर भवनात असेल, बीकेसीच्या कौटिल्य भवनात किंवा लालबागच्या पिरामल चेंबर्समध्ये. पत्ता बघितल्याशिवाय निघू नका, चुकीच्या इमारतीत अख्खी सकाळ जाते. अर्ज दोन प्रतींत: १५४ खाली क्रेडिट द्या, तोवर २०५ नुसार वसुली थांबवा. दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

ठाणे_लोकल:
माझी केस उलटी. एफडीचं व्याज दाखवायचं राहिलं, डिमांड खरीच आहे. एकरकमी जमणार नाही.

जमाखर्च:
मग 'डिमांड इज करेक्ट' म्हणा आणि ई-पे टॅक्समध्ये 'डिमांड पेमेंट अ‍ॅज रेग्युलर असेसमेंट टॅक्स (४००)' निवडा. घाईत लोक ३०० म्हणजे सेल्फ असेसमेंटमध्ये भरतात, पैसे सरकारात जातात आणि डिमांड तशीच उभी राहते. डिमांडचा संदर्भ क्रमांक आणि करनिर्धारण वर्ष दोनदा तपासा. हप्त्यांसाठी कलम २२०(३) खाली एओकडे अर्ज करता येतो. सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट जोडा आणि पहिला हप्ता भरूनच अर्ज द्या, म्हणजे शब्दाला वजन येतं. व्याज चालूच राहतं, त्यामुळे हप्ते जमतील तेवढे मोठे ठेवा. अर्ज न करता थांबलात तर २२६(३) खाली थेट बँक खात्यावर नोटीस येऊ शकते.

परळचा_प्रवासी:
डिसअ‍ॅग्री नोंदवलं, पोचक्रमांक मिळाला. स्लिपा काढून ठेवल्यात. २६एएसमध्ये नंतर नोंद आली तर?

कलम_२०५:
तर त्याच दिवशी 'टॅक्स क्रेडिट मिसमॅच'चं रेक्टिफिकेशन टाका, तेव्हा ते लागू पडेल. रिफंड तोवर वळता झाला असेल तर तोही त्यातूनच परत येतो. दर महिन्याला २६एएस बघत राहा, विशेषतः पत्र पोचल्यानंतरचे दोन महिने.